एक डोळा ड्यूटीवर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका स्वतःच्या अकलेवर खूश असलेला माणूस खाडीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. सारसोळ्याची त्यांची भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली, तेव्हा निम्मं गाव हातपाय गाळून बसलं होतं. भावोजींनी मात्र कुठूनसं वेल्डिंगचं मशीन पैदा केलं आणि नेरूळच्या नव्या इमारतींच्या खिडक्यांना ग्रिल बसवायला लागले. काम नेटकं, शब्दाला पक्के. फक्त दुसऱ्याचं ऐकलं की आपला अपमान होतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

मशीनबरोबर काळ्या काचेचा मुखवटा आला होता. तो खुंटीवर धूळ खात पडला. काचेतून ठिणगी पेटेपर्यंत नुसता अंधार दिसतो आणि जोडाचा टाका भलतीकडे बसतो, ही त्यांची तक्रार. तिच्यात तथ्य होतं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय ऐकून मी कपाळाला हात लावला. एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्या उघड्या डोळ्याने काम करायचं. सोमवारी उजव्याने, मंगळवारी डाव्याने. "यो आज ड्यूटीवर हाय, त्यो सुट्टीवर," ते मला समजावत. मी वाद घातला की म्हणत, मास्तर, तू आपली पोरं शिकव.

संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. मग पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून ते उताणे पडत आणि माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत. सूर्यग्रहणाच्या दिवशी तर कहर झाला. तीच काळी काच हातात घेऊन ते देवळासमोर उभे राहिले आणि वर बघणाऱ्या प्रत्येकाला, आंधळा होशील, म्हणून दम देत सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक डोळा मिटून काम चालू. मी भांडलो, ताईने दोन दिवस अबोला धरला, काही उपयोग झाला नाही.

मग एकदा त्यांना टाकाच दिसेना. लोखंडावर डाग आहे समजून ते तासभर फडक्याने पुसत बसले. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध भाजल्याचा डाग पडलाय, आता तो जायचा नाही. पाळ्या इतक्या इमानाने वाटलेल्या की दोन्ही डोळे अगदी सारखे बिघडले होते. दवाखान्याच्या दारातच मी त्यांच्यावर तोंड सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं, आणि मीच मधेच थांबून त्यांचा हात धरून रिक्षा शोधायला लागलो.

मशीन गेलं. आता ताईशी बोलताना ते तिच्या खांद्यापलीकडे बघायचे. ती वैतागायची, घरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायला काय होतं, म्हणायची. शेवटी एकदा ते म्हणाले, "तुज्याकरं बगला का तू नाय दिसंस. बाजूला बगला का दिसतेस."

तेव्हापासून ताई त्यांच्या समोर बसत नाही. जरा बाजूला सरकते, आणि उजेडाकडे तोंड करून बसते.