चांगुणेच्या हातची ब्राह्मी

आज कर्जतच्या बाजारात कुणीतरी ब्राह्मीच्या तेलाचे बुधले उघडले आणि त्या ओल्या, कडवट वासाने मला बारा वर्षांमागच्या एका सकाळी कडावच्या आमच्या पडवीत नेऊन उभे केले.

आई दोन वर्षे संधिवाताने अंथरुणाला खिळली होती. सांध्यांपेक्षा तिचे मनच जास्त खचले होते. ती घरात कुणाशी बोलत नसे. डोंगरवाडीची चांगुणा ठाकरीण रोज बांधावरची ब्राह्मी आणून, तेलात कढवून तिच्या टाळूवर चोळी. मी झाडपाल्याच्या औषधांना थोतांड म्हणणारी सुधारणेची चोपडी वाचून पेटलेला. त्या सकाळी मी चांगुणेला दारातच अडवले.

"या पाल्यात काय मिसळतेस? बोल!"

ती गप्प. पाला रोग्यापाशी पोचेपर्यंत तोंड उघडायचे नाही, हा तिचा नेम मला ठाऊक नव्हता. "लबाडी आहे, म्हणूनच बोलत नाहीस!" असे ओरडून मी पाला हिसकावून अंगणात भिरकावला.

"मोडलास ना रं नेम!" ती म्हणाली. "आता आज औषद नाय."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "पाला नसू दे, चांगुणे. तू ये गं. बस जरा."

चांगुणा कोरड्याच हातांनी तिचे डोके चोळत आपल्या खोडकर शेळीचे किस्से सांगू लागली, आणि आई हसली. मी दारातून संशयाने पाहत राहिलो.

त्या पाल्यात गुण होता, हे मी आजही मानत नाही. पण चोपडी घेऊन मीही रोज आईच्या उशाशीच बसत होतो, आणि दोन वर्षांत तिला एकदाही काही विचारले नव्हते.