गुरुवारची तपासणी

साळवेबाई कुठल्याही इमारतीच्या तपासणीला गेल्या की सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन आधी चष्मा काढायच्या. तो पर्समध्ये ठेवायच्या, पर्स खांद्यावर अडकवायच्या, डावा हात भिंतीला लावायच्या आणि बाहेर पडायला निघायच्या. वाटेत कुणी बोललं तरी उत्तर देत नसत. पायऱ्या मोजत, वळणावर पायानं चाचपत थेट रस्त्यावर येत, चष्मा घालत आणि मग कागदपत्रं मागत. त्यांचा नंबर इतका मोठा होता की चष्म्याशिवाय समोरच्या माणसाचा चेहराही त्यांना ओळखू येत नसे. कारखान्याचा मालक गोंधळून विचारी, मॅडम, हे काय चाललंय? त्या म्हणत, "आग लागली की तुमच्याकडच्या बायका अशाच निघणार आहेत. धुरात सगळ्यांचा नंबर सारखाच."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते नाटक वाटलं. ते नाटक नाही हे पुढे कळलं. मग ते मला का सुचलं नाही, हा सल सुरू झाला.

आम्ही दोघं एकाच दिवशी बांधकाम परवानगी विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो. लेखी परीक्षेच्या यादीत मी तिसरा होतो, त्या शेवटाकडे. मी चाकणजवळच्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षं एका दैनिकात औद्योगिक पट्ट्याच्या बातम्या लिहिल्या होत्या, त्यामुळे माझे तपासणी अहवाल विभागात वाचून दाखवले जात. त्या दिघीच्या, वडील भोसरीत पॉवर प्रेस चालवत आणि वडिलांच्या उजव्या हाताला तीनच बोटं उरली होती. बाईंच्या अहवालात तीन ओळी असत. काय पाहिलं, काय असायला हवं होतं, कधीपर्यंत करायचं. साहेब माझा अहवाल वाचून कौतुक करत आणि फाइलला लावत. बाईंचा अहवाल वाचून फोन उचलत. हा फरक ध्यानात यायला मला चार वर्षं लागली. ध्यानात आल्यावर मला त्यांचं अक्षरसुद्धा आवडेनासं झालं.

आमच्या नोकरीत नियम बदलतात, म्हणून अधूनमधून प्रशिक्षण असतं. दोन दिवस, एक सभागृह, पडद्यावर कलमांमागून कलमं. बरेच जण सकाळी सही करून निघून जात आणि प्रमाणपत्र घ्यायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवत. मी पूर्ण वेळ बसे, टिपणं काढी आणि ती कपाटात ठेवून देई. साळवेबाई प्रश्न विचारत. परत आल्या की दुपारच्या डब्यानंतर अर्धा तास कार्यालयाच्या जिन्यात बसून एकेक कलम समजावत. सुरुवातीला दोघं-तिघं होते. पुढे आरेखक आले, कारकून आले, शिपाईसुद्धा पायरीवर बसायला लागला. त्या वाचून दाखवत नसत. दार बाहेरच्या बाजूला का उघडायचं, असं विचारत आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "कलम कुणी हौसेनं लिहीत नाही. आधी कुणाच्या तरी दारात माणसं जमतात, मग कलम होतं."

मी माझ्या टेबलावर डबा लांबवत ऐकत असे. बहुतेक उत्तरं मला येत होती. मला कुणी विचारत नव्हतं.

एका वर्षी गावच्या जत्रेला मी सगळ्या विभागाला जेवायला बोलावलं. वडिलांनी तेव्हा रस्त्याकडेच्या तुकड्यावर कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, खाली सहा, वर सहा. वरच्या गॅलरीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडी जाळी होती. जेवण झाल्यावर साळवेबाई वर गेल्या. चष्मा काढून परत आल्या तेव्हा मला कळलं की आता काहीतरी निघणार.

"काका, जाळीला दार नाही," त्या वडिलांना म्हणाल्या.

"दार कशाला? चोर येत्याल की."

"चोर आले तर भांडी नेतील. पण जिन्याखाली तुम्ही पोरांच्या मोटारसायकली लावल्यात. त्यातली एक पेटली तर वरची पोरं उतरणार कुठून?"

वडील उठून जिन्याखाली बघून आले. पुढच्या आठवड्यात फॅब्रिकेशनवाला आला, आतून उघडणारं दार बसलं, शिडी लागली. माझ्या वडिलांनी माझ्या सांगण्यावरून घरातली खुंटीसुद्धा हलवली नव्हती. मला ते म्हणाले, "तुझ्या हापिसातली ती बाई हुशार हाय. तू कसं न्हाई सांगितलंस?" मी दोन वर्षं त्या जाळीखालून ये-जा करत होतो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. आमचा विभाग कारखान्यांची तपासणी गुरुवारीच ठेवी. सगळ्यांच्या सोयीचं होतं. मशिनं बंद, मालक निवांत, उत्पादनाचा खोळंबा नाही, धूळ नाही, चहा व्यवस्थित. हा नियम कुणी काढला नव्हता. आम्ही रुजू झालो तेव्हा तो होता. साळवेबाई मात्र मंगळवारी-बुधवारी जात, तेही शिफ्ट बदलायच्या वेळी. मालकांच्या तक्रारी येत. साहेबांनी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, गुरुवारी जिना बघायला मिळतो. जिन्यावरची माणसं बघायला मिळत नाहीत." सगळे हसले. मीही हसलो, थोडा जास्तच.

मग विभागात प्रशिक्षण अधिकाऱ्याचं पद निर्माण झालं. ज्याची निवड होईल त्यानं बाहेरगावी जाऊन प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम करायचा आणि परत येऊन सगळ्या निरीक्षकांना शिकवायचं. अर्ज दोनच आले. मला ते पद हवं होतं. इतकं हवं होतं की पहिल्या तासाला काय बोलायचं, हे मी लिहून ठेवलं होतं. साहेबांनी एकच परीक्षा ठेवली. आधी मंजूर झालेली एक फाइल ते काढून देतील. दोघांनी मिळून ती इमारत पुन्हा तपासायची आणि आपापला अहवाल द्यायचा. त्यांनी कपाटातून हाताला लागेल ती फाइल काढली. भोसरीतली तीन मजली इमारत, वर पॅकिंगचं काम. खाली सही माझी होती. मी निश्चिंत होतो. तो माझ्या चांगल्या अहवालांपैकी एक होता.

मी सवयीनं म्हणालो, गुरुवारी जाऊ. त्या म्हणाल्या, मंगळवारी, तीनला.

वरच्या मजल्यावर तीसेक बायका खोके भरत होत्या. बाहेर पडायला दोन जिने होते, एक पुढचा, एक मागचा. साळवेबाईंनी चष्म्याला हात लावला आणि थांबल्या. "मांडेकर, आज तुम्ही उतरा. मागच्या जिन्यानं."

मी डोळे मिटले, डावा हात भिंतीला लावला. दार उघडलं. सात पायऱ्या उतरलो. आठव्या पायरीवर गुडघा कशावर तरी आदळला. हातानं चाचपलं तर पुठ्ठा. डावीकडे पुठ्ठा, उजवीकडे पुठ्ठा. वरून बायका हसायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "ओ सायेब, तिकडनं कुठं चाललाय? तिकडं नुसते खोके हायेत. आमी न्हाई जात तिकडनं कधी."

मी डोळे उघडले. वळणापर्यंत खोके रचलेले होते. पुढच्या जिन्यानं खाली जाऊन पाहिलं, तर मागच्या जिन्याच्या शटरला बाहेरून कुलूप होतं. माझ्या अहवालातलं वाक्य मला पाठ होतं: मागील जिना प्रशस्त, मोकळा व सुप्रकाशित आहे. मालक सज्जन माणूस होता. तो खरंच गोंधळून म्हणाला, "साहेब, मागच्या वेळी तुम्ही गुरुवारी येणार म्हणून सगळे खोके काढून ठेवले होते ना."

साळवेबाईंनी त्याच वेळी काम थांबवायला लावलं. बायकांनी रांग करून खोके वर घेतले, शटर उघडलं गेलं आणि मग त्या सगळ्यांना त्या जिन्यानं खाली उतरवलं. तिथे काम करणाऱ्या अनेक बायकांनी तो जिना पहिल्यांदाच पाहिला.

परत येताना शेअर रिक्षाच्या थांब्यावर मी विचारलं, "तुम्ही लिहिणार?"

"लिहिणार. पण आधी तुम्ही लिहा."

"का?"

"मी लिहिलं तर ती तुमची चूक होईल. तुम्ही लिहिलंत तर ती विभागाची सवय होईल. गुरुवारी काय तुम्ही एकटेच जाता?"

"माझं पद जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. "मलाही हवंय ते."

रिक्षा आली. त्या मला बसायला जागा करून देत सरकल्या. त्यांनी एखादं खोटं सांत्वन केलं असतं तर मी त्यांचा मनापासून राग धरू शकलो असतो.

मी अहवाल लिहिला. दोन पानं झाली. माझी सही, माझी तारीख, माझं वाक्य, आणि मंगळवारी काय दिसलं ते. महिन्याभरात आदेश निघाला: चालू कारखान्याची तपासणी सुट्टीच्या दिवशी करू नये. आदेशाच्या संदर्भात माझ्या अहवालाचा क्रमांक आहे. विभागात त्याला आजही साळवेबाईंचा आदेश म्हणतात. पद त्यांना मिळालं.

त्यांनी नव्या निरीक्षकांच्या प्रत्येक तुकडीला माझा जुना अहवाल वाचायला दिला. नाव झाकलेलं असे. एकदा मी मागच्या बाकावर होतो. त्यांनी विचारलं, यात चूक कुठे आहे? कुणी मापं तपासली, कुणी कलमांचे क्रमांक. कुणालाच सापडली नाही. बाई म्हणाल्या, "मापं बरोबर आहेत. भाषा तर फारच चांगली आहे. चूक वारात आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तो तास मी लिहून ठेवलेल्या तासापेक्षा चांगला होता.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. मी भेटायला गेलो तेव्हा इस्पितळात चौथ्या मजल्यावर होत्या. चष्मा टेबलावर होता. आवाजावरून मला ओळखलं.

"कशानं आलात?"

"लिफ्टनं."

"मागचा जिना बघून या, भाऊ. मला उठवत नाही."

मी गेलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तीन मोडक्या खाटा आणि एक लोखंडी कपाट आडवं होतं. परत वर येताना माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. ते लहान होतं, दयाळू होतं आणि त्या पडताळून पाहू शकल्या नसत्या. वॉर्डच्या दारापर्यंत ते माझ्या तोंडात होतं.

"दुसऱ्या मजल्यावर बंद आहे," मी म्हणालो. "तीन खाटा, एक कपाट."

"आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मग खरं असेल." त्या हसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लिहा. तीन ओळींत जमतंय का बघा."

मी खाली जाऊन व्यवस्थापकाच्या टेबलावर बसून लिहिलं, एक प्रत त्याला दिली, एक त्यांना दाखवायची म्हणून खिशात ठेवली. वर गेलो तेव्हा त्यांना झोप लागली होती.

शुक्रवारी त्या गेल्या. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून त्यांना मागच्या जिन्यानं उतरवलं. पुढे त्यांचे भाऊ होते, मागे मी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही न थांबता वळलो. खाटा नव्हत्या, कपाट नव्हतं.

अहवाल माझ्या खिशातच होता. दोन ओळींत बसला होता. त्यांच्यापेक्षा एक ओळ कमी. तो त्यांना दाखवायचा राहिला.