गजबा तांडेलांचं कासवमंडळ

गजबा तांडेल कोणाशीही बोलण्याआधी त्याच्या टोपलीत डोकावत. माशांवर त्यांचा डोळा नसे. कोणी कासवाची अंडी पळवतंय का, एवढंच त्यांना बघायचं असे. "गावात सगळे चोर आसत, मास्तरांनू," हे ते त्या चोरांच्या देखतच म्हणत.

साठ सालानंतर मी कसालहून त्या किनाऱ्यावरच्या शाळेत बदलून आलो. तेव्हा कासवाची अंडी घरोघरी खात. ते थांबवायला गजबांनी कासवमंडळ काढलं होतं: अध्यक्ष स्वतः, सभासद त्यांची विधवा बहीण शेवंतीआक्का. अंडी भरतीत बुडू नयेत म्हणून आपण ती परसातल्या वाळूत पुरतो, असं ते सांगत. पण परसाला काटेरी कुंपण, दाराला कुलूप आणि टोपलीवर कायम ओलं गोणपाट! लोक म्हणत, अंडी बांद्याच्या बाजारात जातात. मलाही ते खरंच वाटे.

महाशिवरात्रीला भाऊबहीण कुणकेश्वराच्या जत्रेला निघाली. किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. "तुमका सोडून सगळ्यांवर माजो संशय आसा," म्हणाले.

त्यांची पाठ वळताच मी परसातली वाळू उकरली. अंडी होती, सगळीच्या सगळी. प्रत्येकावर कोळशाचा ठिपका. ही गिऱ्हाइकाचीच खूण, असं मी ठरवून टाकलं. एकेक उचलून न्याहाळलं, आणि कुंपणापाशी पाऊल वाजल्यासारखं झालं तशी घाईघाईने सगळी परत खड्ड्यात ठेवली.

दिवस भरले, वर आठवडा गेला, तरी पिल्लं बाहेर आली नाहीत. गजबांनी माझ्यासमोरच खड्डा उघडला. ठिपके वाटेल त्या बाजूला वळलेले होते.

"काढताना ठिपको वर आसता, पुरतानाय वरच ऱ्हवाक व्हयो. अंडा उलटला काय आतला पोर मरता," ते म्हणाले आणि वाळूतच फतकल मारून बसले. शेवंतीआक्कांनी पदर तोंडाला लावला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी मी गप्प राहिलो. पुढे वर्षभर गजबांनी गावातल्या प्रत्येकाचं नाव घेतलं. माझं घेतलं नाही.

पुढल्या मोसमात एका सकाळी ते मला किनाऱ्यावर घेऊन गेले. कासवाचं ताजं घरटं हलक्या हाताने उघडलं आणि कोळसा माझ्यापुढे धरला.

"औंदा ठिपके तुमी घाला."

मी पहिल्या अंड्यावर कोळसा टेकवला आणि न राहवून म्हणालो, "गजबा, गेल्या वर्षी मी—"

"बोलू नकात, मास्तरांनू," अंड्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "हात हलता."