मडमेच्या भुतांची वडी

नवऱ्याचा निरोप आला तेव्हा मी उमापूरला माहेरी ज्वारी निवडत बसले होते. गाडीवान म्हणाला, "पाव्हण्यांनी सांगितलंय, आसाल तशा या. दोन दिवसांचं काम हाय." आजवर त्यांच्याबद्दलचे निरोप दोनच प्रकारचे येत, कुठं पडलेत ते सांगणारे, नाहीतर कुणाशी भांडलेत ते सांगणारे. स्वतः शुद्धीत राहून धाडलेला हा पहिलाच निरोप होता आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

नवरा परळीकडं एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. निजामाच्या मुलखात तेव्हा आगगाडी यायची होती, साहेब त्या रुळांची आखणी करायला आला होता. नवऱ्याच्या हाताला चव होती, पण अकरा वर्षं त्यांनी मोहाची दारू प्यायली. त्या अकरा वर्षांत मी रोज एकच गोष्ट विचारत आले, "सोडायला काय जड जातंय वो तुमाला?" शेवटी चैत्रात मी लेकीला काखेत मारलं आणि माहेर गाठलं. मागोमाग ते आले, खंडोबाच्या देवळात चार माणसांसमोर बेलभंडार उचलून शपथ घेतली. मीही माझी अट तिथंच सांगून टाकली. चंपाषष्ठीपर्यंत कोरडे राहिलात तर नांदायला येईन, थेंब जरी लागला तरी पुन्हा तोंड बघणार नाही. आता चंपाषष्ठीला महिनाच उरला होता.

लेक आईजवळ ठेवली आणि निघाले. वाटेत दोन मुक्काम झाले, पण डोळ्याला डोळा लागला नाही. गाडीवानाला मी इतक्या वेळा विचारलं, "निरोप देताना जीभ जड होती का त्यांची?" की तो शेवटी गाडीतून उतरून बैलांसोबत चालायला लागला.

बंगल्याच्या मागं स्वयंपाकघर होतं. नवरा दारातच उभा होता, अंगाला मसाल्याचा वास, डोळे स्वच्छ. मी आधी डोळे बघितले, मग माणूस.

"मला कावून बोलावलं?"

"आत ये, दाखवतो."

आत फळीवर रमच्या चार बाटल्या होत्या. ते त्यांच्याकडं पाठ करून बोलत होते. "साहेबाच्या मडमेला दारूच्या वड्या पायजेत. परवा तिच्या देशातला भुतांचा सण हाय. त्या दिवशी मेलेली माणसं फिरायला निघत्यात म्हणं."

"आन ही त्यांना दारू पाजणार?"

"त्यांना न्हाई. सात-आठ साहेब आन त्यांच्या बायका येणार हायत. चादरी पांघरून भुतं व्हायचं आन वड्या खायच्या. लेकराबाळांना बंदी हाय."

बाहेर पडवीत पाच-सहा लाल भोपळे मांडले होते. त्यांना चाकूनं डोळे आणि दात पाडलेले. आमच्याकडं अमावास्येला दाराला बिब्बा बांधतात, लिंबू उतरवून टाकतात, भुतानं आत येऊ नये म्हणून. आणि ही बाई त्यांना दिवा दाखवून बोलावत होती. मी म्हटलं, एवढी हौस असेल तर तिला आमच्या आळीत चार दिवस राहायला सांगा, तिथं न बोलावता भेटतील.

त्यांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "मी न्हाई म्हणलं तर ती दुसरा खानसामा आणतीय. मग चंपाषष्ठीला तुला आणून ठेवू कुठं? काम तर करावं लागंल. पण ती बाटली मी एकटा उघडायचा न्हाई. तू समोर बस."

माझा संताप झाला आणि त्याच वेळी मनातून बरंही वाटलं. अकरा वर्षांत या माणसानं माझ्याजवळ मदत मागितली नव्हती. चारही बाटल्या मी माझ्या बोचक्यात बांधल्या आणि बोचकं मांडीखाली घेऊन बसले.

वडी गोठवायची मडमेची विलायती पूड डब्यातच ओली होऊन नासली होती. पण पाय शिजवून गार केले की रस्सा गोठतो, हे आमच्याकडं कुणालाही ठाऊक. त्यांनी बकऱ्याचे सोळा पाय भाजून, घासून, त्याच सकाळी चुलीवर चढवले. दिवसभर वर येणारा फेस आणि चरबी काढत राहिले. मग अंड्यातलं पांढरं घालून रस्सा निवळला, मलमलीतून गाळला, साखर, दालचिनी आणि लिंबू घातलं. बकऱ्याचा वास मागे राहिला नाही. एवढं सगळं होईपर्यंत त्यांचे हात अगदी शांत होते.

मग मी बूच काढलं. मडमेनं सांगितलेलं माप मीच ओतलं, आणि ओतलं ते वाफाळत्या रश्शात. त्याबरोबर वासाचा असा लोट उठला की सगळं स्वयंपाकघर भरून गेलं. ते तडक बाहेर गेले. विहिरीवर जाऊन पाणी शेंदलं, आणलं, पुन्हा गेले, पुन्हा आणलं. रांजण भरून वाहायला लागला तरी त्यांच्या खेपा थांबेनात. त्यांनी तोंडावरून हात फिरवला की मी म्हणायची, "हात बघू." ते मुकाट्यानं हात पुढं करायचे आणि मी हुंगायची. लाज मलाच वाटली, पण हुंगायची सोडली नाही.

ते पातेलं दोरानं विहिरीत सोडलं, बूड पाण्याला टेकेल इतकं खाली. सकाळी वर काढलं तर नुसतं सरबत. वासानं बिथरून मी मापाच्या एका बाटलीवर आणखी अर्धी बाटली ओतली होती, कुठं थांबायचं ते कळलंच नव्हतं. आता पातेलंभर गोड दारू आमच्या दोघांच्या मध्ये होती आणि दोघंही तिच्याकडं बघत होतो. ते हळूच म्हणाले, "लवकर सांड ती." मी उकिरड्यावर ओतून आले. परत आले तेव्हा ते जागचे हलले नव्हते, पण मडमेनं जेवणघरात पाठवण्यासाठी दिलेला काचेचा पेला हातात घट्ट धरून होते. मी तो काढून घेतला.

पुन्हा सोळा पाय आणले. या वेळी रस्सा कोमट होऊ दिला. मी दारू ओतत असताना ते पाठ फिरवून माझ्याकडून आकडे ऐकत होते, किती पळ्या झाल्या ते. "बास," ते म्हणाले, "आता ओतू नको, मग गोठत न्हाई." ते मिश्रण चिनी वाट्यांत भरलं, वाट्या परातीत मांडल्या आणि परात विहिरीत सोडली. मी विहिरीच्या काठावरच पथारी टाकली. परात एकटी सोडायची माझी तयारी नव्हती.

सकाळी वाट्या वर काढल्या आणि हलवल्या. वडी थरथरली, पण फुटली नाही. तांबूस, आरपार दिसणारी. त्यांनी सीताफळाच्या काळ्याभोर बिया धुऊन आणल्या आणि प्रत्येक वाटीवर दोन-दोन टेकवल्या. चाळीस वाट्यांतून ऐंशी डोळे आमच्याकडं बघायला लागले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

दुपारी ते एकाएकी म्हणाले, "चाखून बघायला पायजे. कडू निघाली तर मडम पाहुण्यांसमोर लाज काढील." मडम आणि साहेब पाहुण्यांना आणायला गेले होते. बंगल्यावरचा चपराशी नमाजी माणूस, तो दारूच्या वासानं दोन दिवस अंगणातूनच काम करत होता. उरलो आम्ही दोघं. ते वाट्यांकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं. आता हे म्हणणार, एवढीशी तर हाय, खायची हाय, प्यायची थोडीच हाय. तसं म्हणाले असते तर मी त्याच पावली उमापूरची वाट धरली असती.

ते म्हणाले नाहीत. म्हणून मीच म्हणाले, "शपथ तुमी घेतलीय, मी न्हाई. मी चाखते."

जन्मात मी दारूला शिवले नव्हते. चमच्यानं वडी जिभेवर ठेवली. गार होती, घसरली, गोड लागली, दालचिनी लागली. मग गळ्याखाली कुठंतरी ऊब आली. ती हळूहळू खांद्यात उतरली, दोन दिवस ठणकणाऱ्या पाठीत उतरली. चैत्रापासून, खरं तर लग्नापासून, माझ्या छातीत जे सारखं धडधडत होतं, ते एकदम खाली बसलं. लेक दिसली, खंडोबाचं देऊळ दिसलं, पण त्यांची काळजी वाटेना. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. एवढ्यात वाटी संपली होती.

"कशी झालीय?"

"नीट कळलं न्हाई," मी म्हणाले आणि दुसऱ्या वाटीकडं हात नेला.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. जोरानं नाही, पण हटला नाही तो हात. मग परात उचलली, माझ्यापासून लांब, वरच्या फळीवर नेऊन ठेवली आणि फडक्यानं झाकली.

"बास," ते म्हणाले. अकरा वर्षं हा शब्द माझा होता.

"आवो, चव बघत होते."

"चव एका वाटीतच कळलीय तुला." ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही, भिऊन. "खोटं बोलू नको. तुझं आत्ताचं तोंड मला ठावं हाय. मी आतनं बघितलंय ते."

मी खाली बसले आणि रडले. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि मी पाणी संपवेपर्यंत फळीसमोर उभे राहिले, मी पुन्हा उठते का ते बघत.

मडमेच्या भुतांनी वड्या चाटूनपुसून खाल्ल्या म्हणे. चंपाषष्ठीला मी लेकीला घेऊन परळीला आले ती कायमची. त्यानंतर त्यांच्याशी मी पुष्कळ भांडले, पण सोडायला काय जड जातंय, हे पुन्हा कधी विचारलं नाही.