बोरीची राख आणि सुमात्राचा डोंगर

जुन्नरच्या पेठेत इंटरनेट नवीन आलं तेव्हा ते सायबर कॅफेतल्या प्लायवूडच्या चार कप्प्यांत राहत असे. ऑफिस सुटलं की मी त्यातला एखादा कप्पा धरायचो. बाकीचे लोक तिथं निकाल बघायला, नोकरीचे अर्ज भरायला यायचे. मी निव्वळ नसत्या उठाठेवी करायला. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, विलायतेतल्या एका गावाचं नाव इतकं लांब की स्टेशनच्या पाटीखाली अख्खं वऱ्हाड सावलीला बसेल, असलं काहीबाही वाचायचं आणि घरी जेवताना वाढायचं. बायको म्हणायची, एका हृदयाच्या माणसाला कोथिंबीर आणायची आठवण राहत नाही, आणि ह्यांना तीन हृदयांची पंचाईत.

एकदा खोडी म्हणून मी तिच्या माहेरचं नाव टाकलं, बोरी. निघालं काय, तर आफ्रिकेतला एक पंथ. त्यात लोकांच्या अंगात भुतंखेतं येतात. मी हे मोठ्या आनंदानं घरी सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे लग्नाआधी माझी नीट चौकशी केली नव्हती तर."

दुसऱ्या दिवशी मी बोरीपुढं कुकडी नदीचं नाव जोडलं. पान वरून खाली एकेक ओळ सांडत आलं, मधेच लाइन गेली, परत आली. त्यात होतं की बोरीजवळ कुकडीच्या दरडीत पांढऱ्या भुकटीचा थर आहे आणि ती ज्वालामुखीची राख आहे. हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडं, सुमात्रा बेटावर एक डोंगर फुटला, त्याची राख उडत उडत इथवर आली. ती नेमकी कुठल्या स्फोटातली, यावर जाणकारांचं बांधाच्या भांडणासारखं वाजलं होतं, पण राख आहे यावर एकमत होतं. मी खुर्चीत ताठ बसलो. ह्याच भुकटीनं आमच्या सासूबाई तांब्याची भांडी घासत.

एवढी बातमी पोटात राहणं शक्य नव्हतं. रविवारी बायकोला घेऊन बोरी गाठली. तिथं वेगळीच गडबड होती. मेहुण्याचं लग्न ठरत आलं होतं, पण मुलीकडच्यांची अट होती की आधी घर, मग लग्न. सासऱ्यांनी दरडीच्या वर जागा धरून फक्कीनं आखणीही केली होती. मला तिथं नेऊन त्यांनी कौतुकानं मूठभर माती उचलून दाखवली. "बगा पावणं, कशी पांढरीफेक हाय. घर पांढरीवर, पीक काळीवर."

मी म्हणालो, "मामा, ही पांढरी नव्हे. ही राख आहे."

त्यांच्या हातातली माती तशीच राहिली. "कुणाची?"

आमच्याकडं राखेच्या जागा दोनच, चूल आणि मसण. एवढी मोठी चूल तर कुणाची नसते. मी घाईघाईनं सुमात्रा सांगितला, हातानं डोंगर करून तो फोडून दाखवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे डोंगूर जळाला," ते म्हणाले, "आन सावडायला कुणी न्हवतं, म्हणून राख हितं पडून राह्यली."

सासूबाई मधे पडल्या की मी तर इतकी वर्सं ह्याच मातीनं देव उजळतीया. त्यामुळं झालं एवढंच, की सगळे देव पुन्हा चिंचेनं घासायला निघाले. मिस्तऱ्याला नको म्हणून निरोप गेला. मेहुणा माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, आणि परतीच्या एसटीत बायकोही. नारायणगावच्या स्टँडवर तिनं फक्त विचारलं, "अहो, त्या कॉम्प्युटरला तोंड बंद करायचं बटण नसतं का?"

आठवडाही गेला नाही, तोच सासरे धुतलेली टोपी घालून जुन्नरला आमच्या दारात उभे राहिले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "दावा मला तो डोंगूर."

कप्प्यात आम्ही दोघं एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसलो. फोटो हळूहळू उतरू लागला. आधी आभाळ आलं, मग पाणीच पाणी. डोंगर नव्हताच. तो फुटून खड्डा झाला होता आणि खड्ड्याचं तळं. मधे एक बेट, बेटावर भातखाचरं, आणि बैलाच्या शिंगांसारखी दोन्ही टोकं वर गेलेल्या छपरांची घरं.

"ही घरं कुटली?"

"त्याच डोंगराच्या तोंडातली, मामा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग पुढं वाकून त्यांनी विचारलं, "लग्नं लागत्यात तितं?"

मी शोधलं. नवरानवरी शेजारी उभी होती आणि नातलग दोघांच्या खांद्यांवरून मिळून एकच लांब शाल पांघरत होते. सासऱ्यांनी ती शाल, ते नातलग, मागची घरं, सगळं पारखून घेतलं.

"तोंडात बसून ह्यांचे संसार चाललेत," ते म्हणाले, "आन आमी उडालेल्या चिमटीभर राखेला भ्यायलो. मिस्तऱ्याला उद्याच बोलवतो."

माझा जीव भांड्यात पडला. बायकोला ही बातमी कधी सांगतोय असं होऊन मी उठलो, तर त्यांनी मला हाताला धरून परत खाली बसवलं.

"थांबा की राव. ह्या घरांला दार कुटल्या अंगाला असतं, तेवढं बगू द्या."