नाल्यावरचा पूल

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं पावसात भिजून आलात आणि केस पुसता पुसता एका सुरात म्हणालात, "आजी, पुला, नाला." मागून तुमची आई हसली. मीही हसले. कॉल संपल्यावर लक्षात आलं, की या शब्दांना तुम्ही लहानपणापासून हसत आलात, पण ते आपल्या घरात आले कसे हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलंच नाही. ते आले त्या दिवशी तुम्ही तुमच्या बाबांबरोबर लॉजवर दगड गोळा करत होतात. म्हणून आज अमरावतीला ढग भरून आलेले असताना, खिडकीजवळ बसून हे लिहिते आहे.

त्या सुट्टीच्या आधी काही महिने मी इथे न्हाणीघरात घसरले होते. मनगट मोडलं, पुढे ते जुळलंही. पण तुमच्या आईचं मन काही ताळ्यावर आलं नाही. डिसेंबरच्या सुट्टीत तिने मला जोहान्सबर्गला बोलावलं. मी एकटी विमानात बसणार हे ऐकून माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची शेंदूरजनाघाटची, संत्र्यांच्या बागेची काकीआजी, आपणहून बरोबर निघाली. "तिकडची फळं पाहून येतो मी बी," म्हणाली.

तुमच्या आईने एकच विषय धरला होता. अमरावतीचं घर बंद करायचं आणि मी कायमचं तुमच्याकडे राहायचं. तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण माझ्या घरात कुठल्या फळीवर कुठला डबा आहे हे मी डोळे मिटून सांगू शकते. सकाळचं ऊन आधी ओट्यावर येतं, मग तुळशीवर, मग वर्तमानपत्रावर. ते सोडून दुसऱ्या कुणाच्या नीटनेटक्या घरात पाहुण्यासारखं म्हातारं व्हायचं माझ्या जिवावर आलं होतं. "सुट्टी संपली की ठरवू," असं तुमची आई म्हणाली, आणि आपण सगळे लेसोथोला निघालो.

हा देश नकाशावर पाहा. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधोमध हा एवढासा. "संत्र्याच्या पोटातली बी," असं तुमची काकीआजी म्हणाली होती. लोक तिथे साहसाच्या सुट्टीसाठी येतात, घोड्यावरून डोंगर पालथे घालतात, दोराने धबधब्याच्या कड्यावरून उतरतात. आमची गाडी चढत राहिली. चिखलदऱ्याचा घाट आपण चढतो तो कधीतरी संपतो; हा संपेचना. एका डोंगरामागे दुसरा, त्यामागे निळसर तिसरा, आणि त्यामागे जे होतं ते डोंगर की ढग हे मला कळत नव्हतं. गोल दगडी घरं, त्यांवर गवताची छपरं, अंगणात कच्च्या पीचने लगडलेली झाडं. एका घरासमोर काठीवर पांढरं फडकं दिसलं तशी काकीआजीने चालत्या गाडीतून हात जोडले. तुमचे बाबा म्हणाले, "काकी, तिथे ज्वारीची दारू मिळते. तिची खूण आहे ती."

"ज्वारीचीच हाय ना," ती म्हणाली, "मंग हात जोडले त काय बिघडलं?"

ज्या गावी आपण उतरलो त्याच्या नावाचा अर्थ धुराची जागा असा आहे. दूर दरीतून धबधब्याचे तुषार धुरासारखे वर येताना दिसतात म्हणून. सकाळी मी व्हरांड्यात चहा घेत होते, तेव्हा तो धूर दिसला आणि मला तिथे जावंसं वाटलं. का, ते सांगता येणार नाही. तिथे जाता येईल अशी वाट घोड्याचीच होती.

तुमच्या आईने साफ नाही म्हटलं. मग मी हट्ट धरला आहे हे पाहून तिने अट घातली. "आई, सपाट वाट असेल तर ये. पण मध्ये पाणी असेल आणि घोडा पाण्यात घालायचा असेल, तर तिथून परत. ओल्या जागी तुझं काही खरं नाही."

घोडी आली. बुटकी, दाट आयाळीची, डोळ्यांनी समंजस. मी सलवार-कमीज घातला होता. काकीआजीने तुमच्या आईची ट्रॅक पँट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले आणि स्वतःकडे पाहून म्हणाली, "शेंदूरजन्यात कोनी पाह्यलं त बागेचा भाव पाडून मागतीन लोक."

वाटाड्या जाड लोकरी घोंगडं खांद्यावर पिनेने अडकवून आला होता. त्याला इंग्रजी थोडंच येत होतं, आणि माझं सगळं इंग्रजी मी घोड्यावर बसतानाच विसरले होते. निघताना एका घराच्या दारात बसलेल्या आजोबांनी आमच्याकडे पाहून हात वर केला आणि सावकाश म्हणाले, "खोत्सो. पुला. नाला."

काकीआजीने घोडी माझ्याजवळ आणली. "बाई, ऐकलं का? म्हातारा सांगून राहिला, पुढं नाला हाय, पन पूल हाय म्हने."

मलाही तसंच ऐकू आलं होतं. इतक्या दूर येऊन कानांवर दोन ओळखीचे शब्द पडले, तेव्हा ते आपलेच आहेत असं वाटणं मला अगदी साहजिक वाटलं. मी मागे वळून, मागच्या घोड्यावरच्या तुमच्या आईला सांगितलं, "नाला आहे, पण त्यावर पूल आहे." तिने मान हलवली.

घोड्यांच्या टापा गवतात बुडत होत्या. उतारावर लाल-केशरी फुलांचे उभे तुरे होते, मशाली रोवल्यासारखे. ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकत आमच्या अंगावरून जात, आणि सावली आली की थंडी, गेली की ऊन. मला वाटलं, आपण घोड्यावर बसलेलो नाही. कुणीतरी आपल्याला झोपेतून उचलून अलगद दुसऱ्या खोलीत नेत आहे.

वाट वळली आणि नाला आला. पूल नव्हता.

वर कुठेतरी पाऊस झाला असावा. पाणी तांबूस होतं आणि वेगात होतं. वाटाड्याचा घोडा सरळ आत शिरला, पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं.

तुमच्या आईने घोडा आडवा घातला. "पूल कुठे आहे?"

"त्या आजोबांनी सांगितलं," मी म्हटलं.

"तुला त्यांची भाषा येते?" ती शांतपणे बोलत होती, ते जास्त लागलं. "तू मला मुद्दाम सांगितलंस ना? यायचं होतं म्हणून. आई, मग फोनवर रोज 'मी बरी आहे' म्हणतेस, तेही असंच का?"

माझं घर त्या काठावर, त्या एका वाक्यात हातातून गेलं, हे मला दिसत होतं. मी बरी आहे हे ती यापुढे कशावरून मानणार?

काकीआजी मध्ये पडली. "अवो, तिनं नाही, मी सांगतलं. तो म्हातारा सोताच्या तोंडानं बोलला, पुला, नाला. या दादालेच इचार ना." आणि तिने वाटाड्याला हाक मारून, हाताने कमान करून विचारलं, "पुला? पुला?"

वाटाड्या पाण्यातून परत आला. त्याने तिची कमान पाहिली, मग डोंगरामागच्या काळ्या ढगाकडे बोट दाखवून बोटं खाली नाचवली. "पुला," तो म्हणाला, आणि इंग्रजीत सांगितलं, पाऊस. खोत्सो म्हणजे शांती. नाला म्हणजे भरभराट. आजोबांनी आम्हाला आशीर्वाद दिला होता.

मग काकीआजी म्हणाली, "म्हंजे पूल मांगतला अन् पानी देल्लं त्यानं." तुमची आई आधी ओठ दाबून राहिली, आणि मग इतकी हसली की तिला आयाळ धरावी लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. तिला कळलं होतं, की मी खोटं बोलले नव्हते. मला फक्त पूल हवा होता.

"परत जाऊ या," मी म्हटलं. अट ती अट.

ती पाण्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "मी प्रवाहात तुझ्या खालच्या अंगाला राहते," ती म्हणाली. "चल."

मधोमध पोचल्यावर मी खाली पाहिलं, आणि नाला जागच्या जागी थांबला. मीच घोडीसकट वरच्या बाजूला वेगाने वाहू लागले. वाटाड्याने समोरच्या काठाकडे हात केला. आणि मला कौंडण्यपूरच्या जत्रेतलं वर्धेचं पाणी आठवलं. वडिलांचं बोट धरून मी त्यात उभी होते आणि ते म्हणत होते, पाण्याकडे नाही पाहायचं, काठाकडे पाहायचं. मी काठाकडे पाहिलं. तिथे तसलाच एक लालकेशरी तुरा उभा होता. तो हळूहळू मोठा होत गेला, इतकंच मला आठवतं.

धबधबा पाहिला. कड्यावरून दोराने उतरणारी माणसं दुरून रंगीत मुंग्यांसारखी दिसत होती. पण खरं सांगते, धबधब्यापेक्षा धूरच लक्षात राहिला. तो आमच्याकडे आला, चेहऱ्याला लागला, आणि पाठोपाठ पाऊस आला. काय धबधब्याचं आणि काय आभाळाचं ते वेगळं काढता येईना. वाटाड्याने स्वतःचं घोंगडं माझ्यावर टाकलं.

लॉजवर मला घोडीवरून उतरवून घ्यावं लागलं. पाय माझे राहिले नव्हते. तुमच्या आईने ते पाहिलं, मीही लपवलं नाही. "दुखतंय," मी म्हटलं. तिने गरम पाणी मागवलं, माझे पाय त्यात सोडले आणि शेजारी बसून राहिली.

घराचा विषय ती काढील म्हणून मी वाट पाहत होते. पाणी निवल्यावर तिने माझा टॉवेल घडी करून ठेवला, माझ्यासारखाच, कडेला कड लावून.

"न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घे," ती म्हणाली. "आणि अमरावतीला परत गेल्या गेल्या गॅसचा नंबर लाव. मागच्या वेळी विसरली होतीस."