वसुधा मॅडम आणि माझा इवलासा आरएनए

आज सकाळी वसुधा मॅडम गेल्या.

माझी पीएचडी त्यांनी वाचवली होती, हे फार कमी जणांना माहीत आहे.

सेलूत अकरावी-बारावीला त्यांनी आम्हाला बायोलॉजी शिकवलं.

पुण्यात रिसर्चला लागून मला तीन वर्षं झाली होती. रिझल्ट शून्य. बॅग भरून मी सेलूला घरी आले. परत जायचंच नाही, असं ठरवून.

मॅडमना तेव्हा पॅरालिसिस होऊन सहा महिने झाले होते. उजवा हात चालत नव्हता, बोलताना शब्द अडायचे. भेटायला गेले, तर त्यांनीच विचारलं,
"तू... काय करायलीस तिकडं?"

मी सांगितलं. मेंदूच्या पेशीत इवलासा आरएनए असतो. तो स्वतः प्रोटीन बनवत नाही. दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याच्यापासून प्रोटीन बनणं रोखून धरतो. आपण काही शिकतो तेव्हा ही पकड सुटते, प्रोटीन बनतं आणि दोन पेशींमधला जोड पक्का होतो.

"मी तो आरएनए बंद केला, मॅडम. प्रोटीन वाढायला पाहिजे होतं. काहीच फरक दिसंना."

"मोजलंस... कुठं?"

"अख्ख्या पेशीत."

मॅडमचे डोळे मिटलेले. मला वाटलं, थकल्या.

मग डाव्या हातानं त्यांनी माझी वही ओढली. वेडीवाकडी एक पेशी काढली. तिला लांब फांद्या. एका फांदीच्या टोकावर बोट ठेवलं.

"जोड... इथं हाय ना? मग इथलंच मोज की. बाकीच्यात... बुडून जायलंय ते."

मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेले. गाईडना सांगितलं, ते तयार झाले. पेशींचा फक्त जोडाकडचा भाग वेगळा काढायला शिकण्यातच आठ महिने गेले.

आणि फरक दिसला. थोडासाच, पण दर वेळी.

फोनवर मॅडम म्हणाल्या, "लय भारी! आता अजून एकदा कर."

थीसिस घेऊन गेले, तेव्हा त्यांनी नाव-गाव काही न बघता थेट ग्राफ उघडला.
"युनिट लिहायचं राहिलंय इथं."
खरंच राहिलं होतं. तीन परीक्षकांना दिसलं नव्हतं.

आज मी स्वतः मुलांना शिकवते. कोणी रडवेलं होऊन आलं, की आधी एवढंच विचारते, मोजलंस कुठं?

दुपारच्या गाडीनं सेलूला निघाले आहे.

मॅडम, फार दिलंत. शेवटचा नमस्कार घ्या.